उत्तर नको, उकल सांगा



वर्तमानपत्रातील शब्दकोड्याच्या चौकटीखाली एक ओळ हमखास असते, 'उत्तर उद्याच्या अंकात'. दुसऱ्या दिवशी उत्तर येते आणि रिकाम्या घरांत शब्द भरलेले दिसतात. पण तोच शब्द का, दुसरा का नाही, हे कोणी लिहीत नाही. ज्याला आधीच येत होते त्याला त्या उत्तराची गरज नसते आणि ज्याला येत नव्हते त्याच्या ज्ञानात काही भर पडत नाही. पेपर रद्दीत जातो, कोडे संपते.

आमच्या वागळे इस्टेट भागातल्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी एका पेपरवर पाच-सहा मुले वाकलेली असतात. त्यांतला एक नववीतला मुलगा मला म्हणाला, "काका, उत्तर उद्या येणारच आहे, मग आज कशाला डोके खाजवायचे?" प्रश्न सरळ होता. त्याला मी म्हटले, "बाळा, गणिताच्या पुस्तकातही उत्तरे शेवटच्या पानावर असतात. ती पाहून लिहिली तर सर मार्क देतात का? मार्क रीतीला असतात." आजचा लेख या रीतीबद्दल आहे. शब्दकोडे म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे समजणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

हा खेळ तसा जुना नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे जन्मलेले आर्थर विन अमेरिकेत 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात कामाला होते. त्यांनी २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारच्या पुरवणीत पहिले कोडे छापले. त्याचा आकार शंकरपाळ्यासारखा होता. १९२४ साली अमेरिकेत कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि लोकांना वेडच लागले. पुढे इंग्लंडमध्ये या खेळाने वेगळे वळण घेतले. नुसता समानार्थी शब्द विचारण्याऐवजी सूचनेतच गुपित दडवून ठेवायची पद्धत तिथे रुजली. 'ऑब्झर्व्हर' या पत्रात १९२६ पासून एडवर्ड पोविस मॅथर्स हे 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने अशी कोडी रचू लागले. लंडनच्या 'टाइम्स'ने १९३० साली कोडे सुरू केले. आपण त्या प्रकाराला गूढ कोडे म्हणू.

या खेळाची थट्टा करणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरे महायुद्ध चालू असताना, जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने एक स्पर्धा घेतली. कोडे बारा मिनिटांच्या आत सोडवायचे होते. त्यात भाग घेतलेल्या काही जणांना नंतर युद्धखात्याचे पत्र आले आणि जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्क येथील केंद्रात त्यांना कामाला घेतले गेले. बारीक नजर, चिकाटी आणि एकाच शब्दाकडे चार बाजूंनी पाहण्याची सवय हे गुण तिथे उपयोगी पडले.

आता आपल्या भाषेकडे येऊ. इंग्रजी कोड्यात एका घरात एक लेटर बसते. मराठीत एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळ्यांसह. जोडाक्षरालाही एकच घर. 'पुस्तक' या शब्दाला तीन घरे लागतात: पु, स्त, क. आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे अक्षर तंतोतंत जुळावे लागते. 'पाणी' म्हणजे जल आणि 'पाणि' म्हणजे हात. णी आणि णि एका घरात बसू शकत नाहीत. 'कमळ' लिहायचे की 'कमल', हेही उभा शब्द सांगेल तसे. ज्या मुलाला शुद्धलेखनाच्या वहीचा कंटाळा येतो, तो कोड्यासाठी ह्रस्व-दीर्घावर अर्धा तास भांडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मराठी दैनिकांतली बहुतेक कोडी सरळ अर्थाची असतात. पण गूढ कोड्याची रीत मराठीला अगदी सोसते. आपल्या आया-आज्या जात्यावर, शेतावर हुमाने घालत होत्या, त्याचीच ही छापील बहीण समजा. या रीतीचा पाया एकच आहे. प्रत्येक सूचनेचे दोन भाग असतात. एक भाग शब्दाचा अर्थ सांगतो. दुसरा भाग तोच शब्द अक्षरांतून कसा बांधायचा ते सांगतो. अर्थ बहुधा सूचनेच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो. कंसातला आकडा म्हणजे घरे किती ते. दोन्ही भाग एकाच शब्दावर येऊन भेटले की उत्तर पक्के. कोणाला विचारायला नको आणि उद्याच्या अंकाची वाटही पाहायला नको.

मी वहीत रचलेल्या काही सूचना उकलीसह देतो.

पहिला प्रकार जोडणीचा. "मोटारीनंतर जेवण, जिथे भोंगा वाजतो (४)". मोटार म्हणजे कार, जेवण म्हणजे खाना. कार आणि खाना जोडले की कारखाना. घरे चार: का, र, खा, ना. जिथे भोंगा वाजतो ते ठिकाणही कारखानाच. दोन्ही वाटा एकाच दारात आल्या.

दुसरा प्रकार पहिल्या अक्षराचा. "परीक्षेचा आरंभ थंड, पण महिन्याने हातात (३)". परीक्षा या शब्दाचा आरंभ म्हणजे प. थंड म्हणजे गार. प आणि गार मिळून पगार, तो महिन्याने हातात येतो. सूचनेत 'आरंभ', 'शेंडा', 'सुरुवात' असे शब्द दिसले की पहिले अक्षर उचलायचे. 'शेवट', 'शेपूट' दिसले की शेवटचे.

तिसरा प्रकार उलटापालटीचा. "दीन माणूस मागे वळला की पाणी वाहू लागते (२)". दीन या शब्दाची अक्षरे उलट वाचा: न, दी. उत्तर नदी. इथे एक बारकावा आहे. दीन म्हणजे गरीब, यात दी दीर्घ. दिन म्हणजे दिवस, यात दि ह्रस्व. ह्रस्व दि घेतला तर नदी चुकीची लिहिली जाईल आणि उभा शब्द अडेल. म्हणून सूचनेत 'दीन'च हवा. याच जातीची आणखी एक: "नेहमी उलटे केले की गुलाम (२)". नेहमी म्हणजे सदा, उलटे केले की दास. एका दहावीच्या मुलीने हे सोडवले आणि म्हणाली, "म्हणजे दास उलटा उभा राहिला की तो सदाचा सुटला." सूचनेत हे नव्हते. पण शब्दाशी खेळता खेळता माणूस विचार करायला लागतो, तो असा.

चौथा प्रकार अक्षरे विस्कटण्याचा. "कमल विस्कटले, हाती लेखणी आली (३)". क, म, ल ही अक्षरे फिरवून लावा, कलम मिळते. कलम म्हणजे लेखणी. "दमत विस्कटला त्याला हातभार (३)" ही त्याचीच धाकटी बहीण. दमत या अक्षरांतून मदत निघते.

पाचवा प्रकार दडलेल्या शब्दाचा. "एक मळकट पिशवी, तिच्या पोटात फूल (३)". 'एक मळकट' हे दोन शब्द एकत्र वाचा. ए बाजूला ठेवला की पुढे क, म, ळ. कमळ तिथेच बसले आहे, फक्त दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेमुळे डोळ्यांना दिसत नव्हते. 'पोटात', 'दडले', 'लपले' हे शब्द खूण समजावी.

सहावा प्रकार दोन अर्थांचा. "ताठ ठेवावी किंवा मिळवावा (२)". ठेवावी म्हटले म्हणजे ती, मिळवावा म्हटले म्हणजे तो. ती मान ताठ ठेवावी, तो मान मिळवावा. उत्तर मान. मराठीत एकच शब्द लिंग बदलून अर्थ बदलतो, ही आपल्या भाषेची खास गंमत आहे. म्हणून सूचनेतले क्रियापद कधीही वाऱ्यावर सोडू नये. 'येतात' असेल तर उत्तर अनेकवचनी, 'येते' असेल तर एकवचनी. क्रियापदाची शेपटी धरली की अर्धे कोडे सुटते.

इंग्रजी गूढ कोड्यांची रीतही हीच. तिथे 'स्टॉप' उलटा वाचला की 'पॉट्स' होतो, म्हणजे थांबा उलटा केला की भांडी मिळतात. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत साहेब मंडळी इंग्रजी पेपरचे कोडे घेऊन बसतात. शिपाई चहा ठेवून निघून जातो, क्लार्क लांबून पाहतो. दोघांनाही वाटते, हे आपले काम नव्हे, याला वेगळा मेंदू लागतो. वेगळा मेंदू वगैरे काही लागत नाही. सहा-सात रीती आहेत. त्या कोणीतरी शेजारी बसवून सांगाव्या लागतात, एवढेच. ज्यांच्या घरी वडील आणि आजोबा पेपर घेऊन बसत, त्यांना त्या चहाबरोबर मिळाल्या. ज्यांचे वडील पाळीवर जात, त्यांना मिळाल्या नाहीत. फरक अकलेचा नसून सांगणाऱ्याचा आहे. आणि सांगण्याचे काम कोणीही करू शकतो, तुम्हीही.

रीत न सांगता नुसते उत्तर मोहोरबंद ठेवले तर काय होते, याचा एक मोठा धडा आपल्या मुंबई राज्यात घडून गेला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला होता. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा त्यांत गाजलेल्या. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून त्या चालत आणि मुंबई राज्यात हजारो लोक फी भरून प्रवेशिका पाठवत. मेख अशी की बक्षीस शब्द बरोबर असण्याला नव्हते. आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी तुमचे उत्तर जुळले तर बक्षीस. समजा सूचना आहे, "मजुराला हवे असते (२)" आणि दुसऱ्या घरात म आहे. काम लिहाल की दाम? दोन्ही बरोबर. लिफाफ्यात कोणता आहे, हे कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. मग लोक एकाऐवजी चार प्रवेशिका भरत आणि चौपट फी देत.

मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांच्या स्पर्धांवरही परवाना आणि कर बसवला. १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. त्यात शब्दकोड्यांचा नावानिशी उल्लेख आहे. महिन्याला एकूण एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे द्यायची नाहीत आणि दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका घ्यायच्या नाहीत, असे बंधन आले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. १९५७ साली कोर्टाने सांगितले की जुगार म्हणजे व्यापार नव्हे, त्याला घटनेतील व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही. त्याचबरोबर हेही सांगितले की १९५५ चा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे, ज्यांत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते त्यांना नाही.

या निकालातला भेद आपल्या घरापर्यंत येतो. चौकट तीच, पेन्सिल तीच, शब्दही तेच. पण उत्तराला कारण असेल तर ते कौशल्य. कारण नसेल तर तो लिफाफ्याचा जुगार. आज लिफाफा नाही, मोबाईल आहे. 'डोके चालवा, पैसे कमवा' म्हणत आमच्या वस्तीतल्या किती मुलांनी आईच्या बचतीचे पैसे त्यात घातले ते घराघरांत माहीत आहे. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण कायदा दाराबाहेर उभा असतो. दाराच्या आत मुलाला एकच प्रश्न विचारायला शिकवा: "मी जिंकलो तर का जिंकलो, हे मला सांगता येईल का?" सांगता येत नसेल तर तिथून उठावे.

आणखी एक मुद्दा शब्दांच्या मालकीचा. कोडे रचणारा आपल्या घरातले शब्द कोड्यात घालतो. म्हणून देवादिकांची नावे, पुराणातले राक्षस, पूजेची भांडी यांची कोड्यांत गर्दी असते. आपल्या मुलांच्या कानावर हे शब्द घरात पडत नाहीत आणि ती तिथे अडतात. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. शब्द म्हणून तो वहीत लिहावा, अर्थ लिहावा, पुढे जावे. ज्ञानाला सोवळे नसते. पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या घरातले शब्दही कोड्यात आले पाहिजेत. पाळी, हजेरी, ओव्हरटाइम, भोंगा, साचा, पाना, जाते, उखळ, विहार, त्रिशरण हे शब्द कोड्यात का दिसू नयेत? दिसत नाहीत, कारण ते बोलणारा माणूस अजून कोडे रचायला बसलेला नाही.

कारखान्याच्या सूचनेची हकिगत सांगतो. ती मी फळ्यावर लिहिली तेव्हा मुले भोंग्यापाशी अडली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ला झाली आणि आपली वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. एके काळी इथे पाळीच्या भोंग्यावर घरातली चूल पेटत होती. पुढे एकेक गेट बंद झाले, त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आजच्या मुलांनी पाळीचा भोंगा ऐकलेलाच नाही. नातीला घ्यायला आलेले एक निवृत्त कामगार आजोबा दारातूनच म्हणाले, "कारखाना! दुसरं काय?" त्यांना अर्थाची बाजू ठाऊक होती, शब्द कसा बांधला ते नाही. नातीने बोटावर मोजून कार आणि खाना वेगळे करून दाखवले आणि म्हणाली, "आजोबा, तुमचं बरोबर आहे, पण का बरोबर आहे ते मी सांगते." आजोबा बाकावर टेकले ते तासभर उठले नाहीत. त्या दिवशी मुलांना कोड्याबरोबर प्रेस शॉप, लेथ, टोकन आणि गेट मीटिंग हे शब्दही मिळाले. ते कोणत्या पुस्तकातून मिळाले असते?

म्हणून घरी हे करून पाहा. आठवड्यातून एक दिवस, टीव्ही अर्धा तास बंद. पेपरचे कोडे मध्ये ठेवा. पेन्सिलच घ्या, पेन नको. आधी दोन घरांचे शब्द शोधा, मग त्यांना छेदणारे मोठे. अडले तर घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला आणि सगळ्यांत लहान मुलाला विचारा, एकाकडे जुने शब्द असतात, दुसऱ्याकडे नवे. वहिनी स्वयंपाकघरात असतील तर सूचना मोठ्याने वाचा, पोळी लाटतानाही डोके मोकळे असते. एक मराठी शब्दकोश घरात असावा, वर्गणी काढून वस्तीत एक घेतला तरी चालेल. आणि एक नियम कडक पाळा: ज्याने उत्तर सांगितले त्यानेच उकल सांगायची. उकल सांगता आली नाही तर शब्द चौकटीत लिहायचा नाही.

हा नियम कोड्यापुरता राहत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याच मुली नंतर वर्गात उठून विचारतात, "सर, हे असंच का?" तीच मुले रेशन दुकानावरच्या पाटीपुढे, फॉर्मच्या बारीक अक्षरापुढे, पगाराच्या चिठ्ठीतल्या कपातीपुढे थांबून विचारतात, "हा आकडा कुठून आला?" ज्याला 'का' विचारायची सवय लागली, त्याला कोणी लिफाफा दाखवून फसवू शकत नाही.

या आठवड्यासाठी तीन सूचना देतो.

१) मेहनतीनंतर थंड, तरी गेटावर हजेरी लावतो (४)
२) आणि रात, जिच्या पुढे बँड वाजतो (३)
३) गळ्यात पडला तर सत्कार, पदरी पडली तर दुःख (२)

तिन्हींना लागणारी रीत वर सांगितली आहे. पोस्टकार्डावर उत्तर पाठवताना नुसता शब्द लिहू नका, उकलही लिहा. सोबत आपल्या घरातल्या एखाद्या शब्दावर स्वतः रचलेली एक सूचना पाठवा. बक्षीस काही नाही. निवडक सूचना, रचणाऱ्याच्या नावासह आणि उकलीसह, पुढील अंकांत याच जागी छापू.